महिपतशेटांच्या गालातला वारा

रत्नागिरीच्या सोनारआळीत महिपतशेटांची दाढ गेली आणि तिच्या जागी वारा शिरला, हे सांगितलं की लोक हसण्यावारी नेतात. नेऊ देत. शहाऐंशी साल, वैशाख महिना, आणि लग्नसराई अशी की आळीतल्या मांजराला नुसत्या वासावर सोन्याचा कस कळायचा.

दाढ काढली बुधवारी सकाळी. डॉक्टर मुंबईत शिकून आलेले. त्यांचं हवेवर फिरणारं यंत्र सुरू झालं, की रस्त्यापलीकडच्या शिंप्याचं मशीन लाजून बंद पडायचं. दाढ निघाली, आणि डॉक्टरांनी दोनदा बजावलं की जखमेतून हवा कातडीखाली शिरते, तेव्हा आठ दिवस काही म्हणजे काही फुंकायचं नाही. महिपतशेटांनी मान डोलावली. सोनार ‘उद्या नक्की देतो’ म्हणतानाही अशीच मान डोलावतो, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

घरी येऊन बघतात तर केरू, त्यांचं जुनं गिऱ्हाईक, ओटीवर बसलेला. गावाहून पहाटेच निघालेला. त्याच्या लेकीचं, चिमाचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि गावाला जाणारी शेवटची यष्टी चारला. मंगळसूत्र तयार होतं, फक्त एका वाटीची कडी जोडायची राहिली होती. दोऱ्याने बांधून भागलं नसतं का? नसतं. वरपक्षाची माणसं पानातलं मीठ मोजणारी. दोरा दिसला असता तर पोरीला जन्मभर ऐकवत बसली असती. आळीतला दुसरा कारागीर काशीराम राजापूरला साडूकडे गेलेला.

"एकच तर कडी," महिपतशेट म्हणाले आणि दिव्यापुढे बसले. काम तसं डोळ्याच्या पापणीएवढं. कोळशावर वाटी ठेवायची, कडीला टाकणखार लावून डाखाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूचा, कण बसवायचा, आणि वाकड्या पितळी नळीने दिव्याची ज्योत फुंकून बरोबर त्या कणावर धरायची. भात्याचा वारा त्याला दांडगा. तोंडाचाच हवा.

त्यांनी नळी ओठाला लावली आणि पहिलीच फुंकर घातली. ज्योत जागची हलली नाही, डावा गाल मात्र हलला. आधी लिंबाएवढा, मग पायरी आंब्याएवढा, मग डावा डोळा मिटला. केरूने घाबरून बोट लावून पाहिलं, तर आत कुरमुरे चुरल्यासारखा आवाज. हा आवाज टिळक आळीपर्यंत गेला असं म्हणतात. मी म्हणेन, बंदरापर्यंत.

डॉक्टरांकडे पळत गेले. ते रागावले, मग गाल दाबून बघताना त्यांनाही हसू आवरेना. हवा आपोआप जिरेल, चार-सहा दिवस लागतील, औषध देतो. पण सूज गळ्याकडे उतरली किंवा श्वास अडला तर तडक या, आणि आता एक जरी फुंकर मारलीत तर मी जबाबदार नाही.

परत आले तेव्हा अडीच वाजलेले. केरू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. "शेट, पोरीला काय सांगू मी?" एवढंच म्हणाला.

तेव्हा सगुणाबाई, म्हणजे महिपतशेटांची बायको, पदराला हात पुसत पुढे आली. दाढ काढायला एकटेच गेले म्हणून सकाळपासून तिने अबोला धरला होता. अबोला तसाच ठेवून तिने नळी उचलली आणि चुलीवर घालतात तशी फुंकर घातली. डाखाचा कण उडून केरूच्या टोपीत गेला. दुसरा कण कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही.

"अशी तुटक नको," महिपतशेट अर्ध्या तोंडाने म्हणाले. "वारा सलग पाहिजे. मध्ये श्वास घ्यायचा, पण ज्योतीला कळता कामा नये."

"ते कसं जमायचं?" अबोला सुटला.

"परवा साखरेवरून मला बोलत होतीस. किती वेळ?"

"पाऊण तास."

"मध्ये थांबलीस?"

"थांबले असते तर तुम्ही सुटला असता."

"मग श्वास कुठून घेतलास?"

सगुणाबाईने विचार केला आणि हळूच नाकाला बोट लावलं.

पुन्हा नळी. गाल भरलेले, नाक आपलं काम करतंय, आणि ज्योत सुईसारखी सरळ. महिपतशेटांनी एका डोळ्याने नेम धरून चिमट्याने कडी धरली. कण लाल झाला, थरथरला आणि पाण्यासारखा सांध्यात पळाला. थंड झाल्यावर त्यांनी वाटी ओढून पाहिली, केरूनेही ओढून पाहिली. कडी मेली तरी हलेना. चारला दहा मिनिटं कमी असताना केरू मंगळसूत्र छातीशी धरून स्टॅंडकडे असा सुटला, की सगुणाबाईने दिलेला चहा त्याने वाटेत प्यायला आणि कपबशी लग्नानंतर आणून दिली.

आठव्या दिवशी गाल जागेवर बसला. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल फुंका.

महिपतशेटांनी घरी सांगितलं, डॉक्टर अजून पंधरा दिवस फुंकायचं नाही म्हणालेत. काय करणार, तिच्या फुंकरीवर डाख त्यांच्यापेक्षा साफ बसत होता.