हॅनवाल्टची तेरा सँडविचेस

ओहायोतल्या मार्लो गावात हॅनवाल्टच्या सँडविचची आठवण काढून गहिवरणारी माणसं हल्ली इतकी झाली होती, की त्यातली निम्मी जरी त्या काळी दुकानात गेली असती, तरी दुकान बंद पडलं नसतं. एकेकाळी तीन राज्यांत साठ दुकानं होती हॅनवाल्टची. आता एकही नाही.

या गहिवरणाऱ्यांचा म्होरक्या वेंडेल कॉप. वय एकाहत्तर. जन्म गेला शाळेच्या बस दुरुस्त करण्यात आणि संध्याकाळी मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला शिकवण्यात. फेसबुकवर 'आमचं हॅनवाल्ट' हे पान त्यानंच काढलेलं. कोणी जुना फोटो टाकला, की हा खाली लिहायचा, "आम्ही शेवटपर्यंत साथ दिली." लिहिताना बोट जरा अडखळायचं, पण लिहायचा.

साथ त्यानं दिली नव्हती. मॅच जिंका नाहीतर हरा, नंतर संघानं हॅनवाल्टमध्ये जायचं, ही मार्लोची रीतच होती. तिथली अर्लीन हाबेगर आधीच तेरा सँडविचेस करून ठेवायची. पावाच्या माथ्यावरची पाचर कापून काढायची, आत हॅम नि सलामीचे काप, कांदा, व्हिनेगर भरायची आणि पुन्हा झाकण लावायची. पांढऱ्या कागदावर प्रत्येकीचं नाव लाल पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. मग रस्त्यापलीकडे सँडविच भाजून गरम देणारं नवं दुकान उघडलं. मुलींनी वेंडेलचं डोकं खाल्लं. खरं म्हणजे त्यालाही जायचंच होतं. हंगामाच्या शेवटच्या मॅचला त्यानं अर्लीनला फोन केला, "मैदानात पाणी साचलंय. मॅच रद्द." आभाळ निरभ्र होतं. मॅच झाली, जिंकलीही, आणि पलीकडच्या दुकानामागे, अर्लीनला दिसणार नाही अशी गाडी लावून तो मुलींना आत घेऊन गेला. त्याच वर्षी थंडीच्या आधी हॅनवाल्टला कुलूप लागलं.

त्यानंतर सतरा वर्षं तो अर्लीनचं तोंड चुकवत आला. एकदा सुपरमार्केटमध्ये ती समोरून येताना दिसली, तर हा कुत्र्यांच्या खाद्याच्या मांडणीमागे दहा मिनिटं उभा. कुत्रा कधी पाळलेला नाही.

आणि आता पानावरच्या मंडळींनी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये हॅनवाल्टचा मेळावा ठरवला, अर्लीनला बोलावलं, तिच्या शेजारची खुर्ची वेंडेलला दिली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

त्र्याऐंशीची अर्लीन काठी टेकत आली. नवरा हॅरल्ड चार वर्षांपूर्वी गेलेला. तिनं माइक हातात घेतला.

"तुम्ही सगळे आज आलात, छान वाटलं. तेव्हा कुठे होतात, ते विचारत नाही." लोक हसले. "पण हा वेंडेल! शेवटच्या वर्षी याची मॅच पाण्यात गेली, तर मी वाट बघत बसू नये म्हणून यानं आठवणीनं फोन केला. एवढं कोण करतं? मी तर तेरा बांधून ठेवली होती. आठवडाभर हॅरल्ड नि मी तीच खात होतो."

टाळ्या पडल्या. वेंडेलचे कान तापले. आत्ता सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण टाळ्या थांबेनात, आणि खरं सांगायचं तर त्या त्याला गोड लागत होत्या. त्यानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मागून केल्सी ओरडली. त्या संघात चेंडू टाकणारी पिचर, आता दोन मुलांची आई.

"कुठली मॅच पाण्यात गेली, कोच? अहो, शेवटची तर आपण जिंकलो! तुम्ही आम्हाला समोरच्या दुकानात नेलंत नाही का, ते भाजलेलं खायला? मी दोन खाल्ली होती!"

बिचारी हसत हसत बोलली. कोणीच हसत नाही म्हटल्यावर गप्प झाली.

जमीन दुभंगली असती तर वेंडेल खुशीनं आत गेला असता. "अर्लीन," तो म्हणाला, "मी तुम्हाला..."

"कसं होतं रे?" अर्लीननं विचारलं. माइक तिनं मांडीवर ठेवला होता.

"काय?"

"ते भाजलेलं."

'तुमच्या हातची चव कशालाच नाही.' पानावर शंभरदा लिहिलेलं हे वाक्य तोंडात तयार होतं. ते बाहेर पडेना.

"चांगलं होतं," तो म्हणाला. "गरम. नंतर मी आणखी दोन-तीनदा गेलो."

अर्लीन चिडली असती तर बरं झालं असतं.

"हॅरल्डनं दुकानाच्या खिडकीतून तुझी गाडी तिकडे वळताना पाहिली होती," ती म्हणाली. "मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल, वेंडेल तसा नाही. कितीदा भांडलो आम्ही यावरून. आजारी होता तेव्हाही त्यानं विषय काढला, तर मी त्याला म्हटलं, तुला लोकांचं वाईटच दिसतं."

ती उठू लागली, तसा वेंडेल हात द्यायला पुढे झाला. ती काठीवर जोर देऊन एकटीच उभी राहिली.

"केल्सी," ती म्हणाली, "मला गाडीपर्यंत सोडतेस का, बाळ?"