खुर्चीतून दिसलेली निळशेपटी

दंतवैद्याला पक्ष्यांचं वेड होतं. शरद लागला आणि उत्तरेकडून पाखरं येऊ लागली की तो उजाडताच दुर्बीण घेऊन तळ्यावर जायचा आणि चिखलाच्या बुटांनी दवाखान्यात यायचा. सहा वर्षांत त्याने पक्षीमित्र मंडळाकडे चार दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी पाठवल्या. चारही परत आल्या, एकाच शेऱ्यासह: 'दुसरा साक्षीदार नाही.' शेरा मारणाऱ्या बाई मंडळाच्या अध्यक्षा होत्या आणि शाळेत त्याच्या वर्गशिक्षिका. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही त्या लाल शाईने दाखवत.

त्या वर्षी ऐन हंगामात बाईंची दाढ ठणकू लागली. चार दिवस त्यांनी अंगावर काढलं. पाचव्या दिवशी तळ्यावरची फेरी रद्द करून त्या निमूटपणे त्याच्या खुर्चीत येऊन बसल्या. मदतीला दंतवैद्याची वहिनी होती. इंजेक्शन दिलं, जबडा बधिर झाला, दाढ कोरायला सुरुवात झाली आणि बाई "आं, आं" करू लागल्या.

दुखतंय असं समजून त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं. बाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. डोळ्यांवर उजेड येतोय असं वाटून वहिनीने पडदा ओढला. मग मात्र बाई तोंडातल्या कापसासकट उठल्या आणि त्यांनी पडदा भर्रकन बाजूला सारला.

मागच्या कुंपणावर चिमणीएवढा पक्षी बसला होता. पांढरा गळा, कुशीला नारिंगी पट्टा आणि सारखी झटकत राहणारी निळी शेपटी.

"निळशेपटी," दंतवैद्य कसाबसा म्हणाला. त्या भागात ती आजवर कोणी पाहिली नव्हती.

दोघं काचेला नाक लावून उभे राहिले. वहिनीने दोनदा दाढेची आठवण करून दिली, पण ऐकतंय कोण? बाईंनी मंडळाच्या सेक्रेटरीला फोन लावला. बधिर तोंडातून 'निळशेपटी'चं जे काही झालं, ते सेक्रेटरीला नुसतं बोबडं ऐकू आलं. बाईंना अर्धांगाचा झटका आला, याबद्दल त्याला शंका उरली नाही. त्या कुठे गेल्यात हे ठाऊक असल्याने त्याने तिकडे रुग्णवाहिका धाडली आणि सगळ्या मंडळाला कळवलं.

रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली आणि पक्षी भुर्रकन उडाला. मागोमाग अकरा सभासद पडेल चेहऱ्याने आले. स्ट्रेचरवर झोपायला नकार देत बाई कागदावर चित्र काढून दाखवत होत्या.

संध्याकाळी त्यांनी नोंद लिहिली आणि साक्षीदाराच्या रकान्यात दंतवैद्याचं नाव घातलं. त्याने त्या नोंदीची झेरॉक्स काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी निळशेपटी पुन्हा त्याच कुंपणावर आली आणि सगळं मंडळ दवाखान्यात घुसलं. खिडकीशी रेटारेटी सुरू झाली. औषधांची बाटली फुटली तेव्हा वहिनीने कंबरेवर हात ठेवले.

"भाऊजी, यांना सांगा. खिडकी फक्त खुर्चीतल्या माणसाला."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. सेक्रेटरी लहानपणापासून दातांच्या डॉक्टरला घाबरायचा. बायकोने हातापाया पडूनही तो कधी दवाखान्याची पायरी चढला नव्हता. तोच सगळ्यांना ढकलून पुढे झाला, खुर्चीत आडवा पडला, डोळ्यांना दुर्बीण लावली आणि आ वासला. त्याचे दोन दात भरून झाले, तरी त्याला पत्ता नव्हता.