अंग सत्तावीस, कापड चौतीस

मी टेप. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती, साठ इंचांची, दोन्ही टोकांना पितळी पट्टी असलेली. कात्रीला धार असते, मशीनला आवाज असतो, माझ्याकडे नुसते आकडे. त्यामुळे मला कोणी फारसं विचारत नाही. पण ज्याच्या कमरेभोवती मी एकदा फिरले, त्याचं मला जे कळतं ते त्याच्या घरच्यांना बरंच उशिरा कळतं, आणि कधी कधी कळूनही त्यांना कळलेलं नसतं.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. एका कारखान्यात शेकडो बहिणींबरोबर मी छापली गेले. मास्तरांनी मला दुकानातून उचललं, खिशातून पोलादी पट्टी काढली आणि माझ्याशी ताडून पाहिली. माझ्याआधी सहा टेपा त्यांनी बाजूला सारल्या होत्या, कारण त्या पाव-पाव इंचाने लबाड होत्या. दुकानदार वैतागला. मास्तर म्हणाले, टेप खोटी निघाली तर माझं हसं होतं, तुमचं नाही. तेव्हापासून मी त्यांच्या गळ्यात आहे.

मास्तर पुरुषांचे कपडे शिवत. दुकान एवढंसं, आत दोन मशीन, एक इस्त्री आणि भिंतीला आरसा. मुलगी शाळेतून आली की काउंटरमागच्या स्टुलावर बसायची आणि मापाची वही लिहायची. मास्तर माझ्यावरचा आकडा वाचून मोठ्याने सांगायचे, ती लिहायची आणि म्हणायची, "लिहिलं." तो शब्द कानावर आला की मगच पुढचं माप. मास्तर तिला नावाने हाक मारत नसत. तिला कारकून म्हणत, आणि तिला त्याचा भारी तोरा होता.

कोणी जुनी पँट कमरेत घट्ट करून घ्यायला आणली की दोन आकडे सांगायची पद्धत होती. आधी अंग, मग कापड. "अंग तेहतीस, कापड पस्तीस. वजाबाकी कर." मुलगी दोन सांगायची. दोनवर मास्तर गिऱ्हाइकाची थट्टा करायचे, बायको माहेरी गेली वाटतं. तीनवर थट्टा बंद. चार-पाच इंच निघाले तर पँट हातातही घेत नसत. "आधी डॉक्टरला दाखवा," म्हणायचे, "पँट कुठे पळून जात नाही." अशी तीन माणसं तरी त्यांनी दारातून परत पाठवली, आणि तिघांचंही पुढे तेच निघालं जे मास्तरांना वाटलं होतं. वजाबाकी करणारी पोर हे सगळं ऐकत होती, हे ध्यानात ठेवा.

एकदा ती काहीबाही वाचत बसली होती. न लिहिताच "लिहिलं" म्हणाली आणि मागाहून मनचा आकडा टाकला. कोट छातीवर मिटेना. मास्तरांनी गिऱ्हाइकाची माफी मागितली, नवीन कापड आणलं आणि तो कोट तिला टाका न् टाका उसवायला लावला. ओरडले नाहीत. उसवून झाल्यावर एवढंच म्हणाले की तू लिहिलं म्हणालीस की मी डोळे मिटून कापतो. त्यानंतर ती कधी खोटं "लिहिलं" म्हणाली नाही. म्हणजे बरीच वर्षं म्हणाली नाही.

माझं म्हातारपण तीस ते चाळीस इंचांमध्ये आलं. जगातले बहुतेक पुरुष तिथेच राहतात, त्यामुळे ते आकडे मास्तरांच्या अंगठ्याने पुसट झाले. सव्वीस ते अठ्ठावीस मात्र मी अजून नवी कोरी आहे, बाही तिथवर पोचत नाही. तिथली कंबर शाळकरी पोरांचीच, आणि मास्तर पोरांचे कपडे शिवत नसत.

मग मास्तर विसरू लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग घरचा रस्ता, मग बायको वारली आहे ही गोष्ट. दुकान मिटलं आणि ते लेकीकडे राहायला आले. हात मात्र काही विसरले नव्हते. त्यांनी बैठकीतले पडदे कापून चार पँटी बेतल्या. नंतर चादरी कापल्या. एका दुपारी जावयाचा सूट उभा चिरला आणि ही शिवण कुण्या गाढवाने घातलीय म्हणून त्यालाच विचारलं. लेक दोन वर्षं कात्र्या लपवत, गॅस बंद करत आणि ऑफिसात पेंगत होती. तिचे डोळे खोल गेले होते. तिने केलं ते कमी केलं असं मी म्हणणार नाही, मापात खोटेपणा मला जमत नाही.

तिचा भाऊ लांबच्या शहरात असतो आणि कारखान्यांची तपासणी करतो. त्याने फोनवर ठरवलं की आता बाबांना विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवायचं, आणि भावनेच्या भरात नाही, नीट तपासून ठेवायचं. स्वतः यायला त्याला सवड नव्हती. त्याने बावीस प्रश्नांचा तक्ता पाठवला. दारं आपोआप बंद होतात का, कठडे आहेत का, वास कसा येतो, बाग, करमणूक, कर्मचाऱ्यांचं बोलणं, जेवणाचा तक्ता. प्रत्येकाला दहापैकी गुण. मशीन विकत घ्यावं तसा बाप ठेवायचा होता.

पहिल्या निवासाने दोघांना वेळ ठरवून बोलावलं होतं, दुपारी चार. दारातच भिंतभर मासे, निळ्या पाण्यात फिरणारे. लेक त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कित्येक महिन्यांनी तिचे खांदे खाली आले. फरशीत तोंड दिसत होतं. व्यवस्थापिका गोड बोलत होती. म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्यांवर ओळीने, सगळ्यांच्या अंगात एकसारखे आकाशी स्वेटर. आठवड्याच्या जेवणाचा छापील तक्ता काचेच्या चौकटीत होता. लेकीने त्याला दहापैकी दहा दिले. जेवण पाहिलं नव्हतं, तक्ता पाहिला होता.

तेवढ्यात मास्तरांनी मला गळ्यातून काढलं. टेप दिसली की माणूस हात वर करतो, डोकं गेलं तरी हे जात नाही. पहिला म्हातारा हात वर करून उभा राहिला. स्वेटर उचलला गेला आणि आत पँट मागून मुठीत धरून सेफ्टी पिनेने आवळलेली. मी फिरले.

"लिही, कारकून," मास्तर म्हणाले. "अंग एकतीस, कापड छत्तीस."

"लिहिलं, बाबा," ती म्हणाली. पेन कागदावर चालत होतं, पण बागेला नऊ लिहीत होतं.

मास्तरांना ते कसं दिसणार? त्यांनी पुढचा घेतला. अंग तीस, कापड पस्तीस. त्याच्या पुढचा, अंग साडेएकोणतीस, कापड अडतीस. प्रत्येक वेळी ती "लिहिलं" म्हणाली. शेवटी मास्तर व्यवस्थापिकेकडे वळले आणि म्हणाले, "तुमचा शिंपी चोर आहे हो."

बाई खळखळून हसल्या. लेकही हसली. किती दिवसांनी बाबा रमले, असं ती म्हणाली आणि करमणुकीलाही नऊ दिले. मी मास्तरांच्या हातात होते, मला हसता येत नाही.

दुसऱ्या निवासात ती मास्तरांना घरून घेऊन न सांगता गेली, भर जेवणाच्या वेळी, कारण ऑफिसातून तेव्हाच निघता आलं. भिंतींचा रंग उडालेला. फिनेल आणि सूप यांचा मिळून वास. चमच्यांचा खडखडाट, कोणी ओरडतंय, कोणाच्या हनुवटीवरून ओघळतंय. एक मावशी एका म्हाताऱ्याला घास भरवत होती. तिच्या खांद्यावर सांडलेलं वाळलं होतं. लेकीने ओळख सांगितली तर ती उठलीही नाही. "बसा ताई. हात गुंतलाय माझा. यांना घाई केली की ठसका लागतो." एका माणसाला तिला पाऊण तास लागला. लेकीने घड्याळ पाहिलं आणि बोलण्याला दोन गुण दिले. स्वच्छतेला तीन.

मास्तरांनी इथेही मापं घेतली. अंग चौतीस, कापड चौतीस. अंग छत्तीस, कापड साडेछत्तीस. कपडे डागाळलेले होते, विटके होते, पण अंगाबरोबर होते. मास्तर खूश झाले. "इथला शिंपी चांगला आहे," म्हणाले, आणि रिकाम्या खुर्चीवर बसले. मावशीने त्यांच्यापुढे ताट ठेवलं, पहिला चमचा हातात दिला, दुसरा दिला, मग हात आपला आपण चालू लागला. ताट स्वच्छ झालं. ते उठेनात. लेकीला त्यांना दंडाला धरून उठवावं लागलं.

रात्रीचं जेवण होण्याआधीच भावाचा फोन आला. पहिल्याला एकशे एक्याण्णव, दुसऱ्याला एकशे अठरा, तिने सांगितलं. मावशीची गोष्टही सांगितली, अर्धवट. बाबा तिथे पोटभर जेवले, असं म्हणाली. भाऊ म्हणाला, "अगं, एका जेवणावर काय ठरवतेस? आकडे बघ." आकड्यांची गोष्ट मला कोणी सांगू नये. खरे आकडे मास्तरांनी दोन्हीकडे मोठ्याने सांगितले होते, आणि ते कोणीच लिहिले नव्हते.

मास्तरांना माशांकडे ठेवलं. त्या दिवशी त्यांचं अंग चौतीस होतं. सेविकेने लगेच मला गळ्यातून उतरवलं. दोरी, पट्टा, नाडी इथे चालत नाही, लोक गळ्याला आवळून घेतात, असा नियम. मी कपाटाच्या खणात गेले. तिथे आठ-दहा कातडी पट्टे आधीच पडून होते. तीन महिने मी अंधारात होते.

मग एका दुपारी चारला, पाहुणे निवास बघायला आले असताना, मास्तरांची पँट त्यांच्यासमोरच घोट्यापर्यंत खाली आली. सेविका धावत कपाटाकडे आली. नियम गळ्याचा होता, हे काम कमरेचं. तिने मला त्यांच्या कमरेला गुंडाळून गाठ मारली आणि वरून आकाशी स्वेटर ओढला. गाठ एकतिसावर पडली.

तेव्हापासून मी सगळं पाहते. साडेबाराला ताट येतं, एकला जातं. मास्तर ताटाकडे बघत बसतात. भूक असते, माझ्याखाली पोट कुरकुरतं, पण हे तोंडात घालायचं असतं हे कोणीतरी सांगावं लागतं, पहिला चमचा हातात द्यावा लागतो. सेविका एक आणि माणसं अठरा. मास्तर रुमालाची दुमड अंगठ्याने तपासत बसतात, शिवण ठीक आहे का बघतात. "नको का? बरं," सेविका म्हणते, ताट उचलते आणि वहीत लिहिते, जेवले. गाठ तिसावर आली. साडेएकोणतीस. अठ्ठावीस. माझ्या कोऱ्या भागात.

लेक महिन्यातून एकदा येते, चारलाच. आता तिची झोप होते, चेहरा भरलाय. गेल्या खेपेला तिने नवी पँट आणली, चौतीसची. स्वेटर वर केला आणि मी दिसले. आधी ती कौतुकाने हसली, बाबांनी टेप काही सोडली नाही म्हणून. मग तिचं बोट माझ्यावर आलं आणि गाठीशी थांबलं. तिथे अंगठ्याने काही पुसलेलं नाही, आकडा काळाभोर आहे.

सेविका म्हणाली, "धुऊन धुऊन सैल होतात हो कपडे."

कापड धुण्यात आटतं. हे शिंप्याच्या लेकीला कोणी शिकवावं लागत नाही. तिने मान डोलावली.

मास्तरांनी आधी गिऱ्हाइकासारखे हात वर केले होते. मग त्यांना आपण कोण ते आठवलं. हात खाली आले, मान वाकली, त्यांनी माझ्यावरचा आकडा वाचला.

"लिही, कारकून. अंग सत्तावीस, कापड चौतीस." ते थांबले. "वजाबाकी कर."

तिचं बोट अजून त्या आकड्यावरच होतं. मास्तर वाट बघत होते, दुकानात बघायचे तशी, पुढचं माप घ्यायला. तिच्या हातात पेन नव्हतं, कागद नव्हता.

"लिहिलं, बाबा," ती म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली. तिने स्वतःच्या हाताने माझी गाठ घट्ट केली आणि स्वेटर खाली ओढला. जाताना माशांपाशी उभी राहून तिने भावाला फोन केला. बरे आहेत, म्हणाली. मला ओळखलं, कारकून म्हणाले. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मासे बघत होती. सात. तिची वजाबाकी झाली होती, मला पक्कं ठाऊक आहे. पण उत्तर आलं की पुन्हा पडदे, पुन्हा गॅस, पुन्हा जागरणं, म्हणून तिने ते तिथेच ठेवलं. मला तिची दया येत नाही. ती मास्तरांना आली असती.

तुम्हीही कधी आपल्या माणसाला असं कुठे ठेवायला निघाल. तेव्हा न सांगता जा, आणि ताटं मांडायच्या वेळी जा. मासे बघू नका. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याचा स्वेटर उचला आणि त्याच्या कमरेत दोन बोटं घालून बघा. दोन बोटं घट्ट बसली तर आपलं माणूस तिथे ठेवा, भिंतीचा रंग उडालेला असला तरी.

आमच्या मास्तरांच्या कमरेत आता अख्खी मूठ जाते. आज दुपारी त्यांना उठवताना मी पुन्हा सैल पडले. सेविकेने गाठ सोडली, आत सरकवली आणि नवी मारली. मास्तर वाकून वाचत होते. "अंग सव्वीस," म्हणाले, आणि "लिहिलं" ऐकायला थांबले. ते अजून थांबलेच आहेत.