पहिली भाकरी कोणी थापायची

सत्य सांगायला धाडस लागतं. जांभूळ गावच्या सुयोगकडे ते होतं. शिवाय एक रिंगलाइट होता. बारवी धरण भरल्याच्या त्याच्या रीलला नव्वद व्ह्यूज आले, त्यातले चाळीस त्याचेच. मग त्याने तांदळाची भाकरी कॅमेऱ्यापुढे धरून सांगितलं, "ही आमच्या जांभूळच्या बायकांची भाकरी. पत्र्याचं भोक बुजवायला एक नंबर!"

दोन दिवसांत सहा लाख व्ह्यूज. बदलापूर हसलं, अंबरनाथने विनाकारण त्याची बाजू घेतली, आणि विठ्ठलवाडीत दिलेल्या गावच्या लेकींनी कमेंटमध्ये त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

भाकरी त्याच्या आईची, इंदुबाईंची होती. तशाच तीन खाऊन त्याने शूटिंग केलं होतं.

"मेल्या, माझीच अब्रू घालवलीस?"

"आई, तुझं नाव कुठे घेतलं? मी सगळ्या बायका बोललो."

"त्यात मी नाय?"

अडचण अशी, की पुढच्याच आठवड्यात इंदुबाईंच्या जावेच्या, म्हणजे विठाच्या लेकीची, सोनियाची हळद होती. गावात हळद म्हटली की बायका जमून भाकऱ्या भाजतात, आणि पहिली भाकरी बावीस वर्षं इंदुबाईंनीच थापलेली. यंदा बोलावणं आलं नाही. शेवटी त्यांनीच जाऊन विचारलं.

"नको गं बाय," विठा म्हणाली. "पावण्यांचे पत्रे शाबूत हायत."

सुयोगने माफीची रील टाकली. तीनशे व्ह्यूज. माफीला गिऱ्हाईक नसतं. मग त्याने दुसरी टाकली : "गावाने माझ्या आईला वाळीत टाकलं!" नऊ लाख, वर तयार पिठाच्या एका कंपनीची जाहिरात.

"आई, जाहिरातीत जरा रड ना."

"कांदा चिर आनि तूच रड."

हळदीच्या सकाळी इंदुबाई परात काखेत मारून विठाच्या मांडवात शिरल्या. मागे सुयोग, मोबाइल चालू.

"बोलाव नायतर नको बोलावू. पयली भाकरी मीच थापनार. चूल कुठाय?"

विठा इकडेतिकडे बघू लागली. चूल कुठेच नव्हती. तेवढ्यात दारात टेम्पो लागला.

"पाचसौ भाकरी," ड्रायव्हर ओरडला. "सही कौन करेगा?"

भाकऱ्या उल्हासनगरच्या केटररकडच्या होत्या, मशीनच्या. ऑर्डर पहिल्या रीलच्या महिनाभर आधी दिलेली होती.