डाव्या जॅकखालचं लाकूड

स्वातीनं जॅकच्या पायाखालचा पिवळा पॅड ओढून काढला आणि कुंपणाकडे भिरकावला. तिथं उकरत बसलेल्या कोंबड्या कलकलाट करत पांगल्या.

"हं, आता लोखंडी प्लेट टाकली मामाजी. पाहा बरं!" तिनं ट्रेलरच्या पोटाखालूनच ओरडून सांगितलं.

वर ट्रेलरमधला हातमाग दोनदा नीट खटकला. तिसऱ्यांदा अडखळला आणि थांबला.

"डावं खालीच आहे," तिच्या सासऱ्यांचा, मधुकररावांचा, आवाज आला.

"आताच तर वर केलं जी!"

"मंग अजून कर."

काय बोलावं या माणसापुढे! सकाळपासून हेच चाललं होतं. पॅड घाल, दांडा फिरव, वर चढून लेव्हलची पट्टी ठेव, खाली उतर, पुन्हा आडवी हो. तिच्या केसांत माती गेली होती आणि कोपराला खरचटलं होतं. उद्या पहाटे नागपूरच्या प्रदर्शनाला निघायचं, आणि अजून गाडी कशावर उभी करायची तेच ठरत नव्हतं. मन लागत नव्हतं कशात. स्वयंपाक तसाच पडला होता.

मोहाडीच्या विणकर आळीत ट्रेलर घेणारा तिचा नवरा अंकुर पहिलाच, आणि शेवटचाही, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. दुकानात लोक करवतकाठी साडी हातात घेऊन विचारत, खरंच हातानं विणली का? शेवटी वैतागून अंकुर म्हणाला, हातमागच नेऊन उभा करू त्यांच्यापुढे, बसा म्हणावं पाहत. स्वातीनं लगेच मान डोलावली होती. म्हणून तर आता हा सगळा ताप आपल्याच गळ्यात आहे असं तिला वाटत होतं. वरठीच्या एका वेल्डरकडून ट्रेलर बांधून घेतला. त्याचं पुढचं उंच नाक पिकअपच्या पाठीवर बसायचं. मुक्कामी पोचलं की पिकअप सोडवायची आणि चार कोपऱ्यांचे चार जॅक खाली सोडायचे. आता धानाची जमीन ती, कापणी होऊन गेली तरी पोटात ओल धरून असते. जॅकचा पाय तीत रुततो, म्हणून खाली रुंद, टणक असं काहीतरी पाहिजे. एवढीशी गोष्ट. पण तिनं घरादाराची झोप उडवली होती.

गेल्या बाजाराला रंगीत तालीम म्हणून गाडी अड्याळला नेली होती. गर्दी तर अशी झाली की अंकुरचे पाय जमिनीवर ठरेनात. मधुकरराव विणत होते, लोक माना उंचावून बघत होते. तेवढ्यात एका बाईनं काठावर बोट ठेवलं.

"या बाजूचे दात मोठे काहून आहेत जी?"

करवतकाठी म्हणजे काठावरचे ते दातच. दोन्ही काठांचे आणि मधला, असे आडव्या धाग्याचे तीन धोटे एकमेकांत अडकवत न्यायचे, तेव्हा करवतीसारखा दात उठतो. उजव्या काठाचे दात बारीक, घट्ट. डाव्या काठाचे ताणलेले, फाकलेले. मधुकररावांनी वाकून पाहिलं. कात्री घेतली आणि तेवढं कापड मागावरून उतरवलं. घरी आल्यावर फक्त मुलाला म्हणाले, "वाकडी गाडी करून आणली बापा तूनं."

सगळ्यांनी ते मान्य केलं. कोणी कशाला अमान्य करील? या घराची रीतच होती: कापड बिघडलं की आधी मागाचे पाय बघायचे, मग ताण्याचे उभे धागे, मग धागा ठोकणारी फणी. मागावर बसलेल्या माणसाकडे कोणी बघायचं नाही. स्वाती लग्न होऊन आली त्या वर्षी एकदा बोलून गेली होती, "मामाजीचंच चुकलं नसन ना?" त्यावर शोभाताईंनी, तिच्या सासूबाईंनी, असं काही पाहिलं की पुन्हा तिनं तो प्रश्न गिळूनच टाकला. अड्याळजवळच्या शेतकऱ्याची पोर ती. तिला वाटलं, असेल बुवा यांच्यात तसं.

तेव्हापासून पॅडची वरात सुरू झाली. फोनवरून मागवलेले पिवळे प्लास्टिकचे पॅड दिसायला देखणे, पण मागाची पावडी पायानं दाबली की कुईकुई करत. लोखंडी प्लेटवरून जॅकचा पाय घसरे. फरशीचा तुकडा पहिल्याच दाबाला मधोमध उलला. अंकुर वरठीला जाऊन डावा जॅक दोनदा काढून पुन्हा बसवून आला. आता तिसऱ्यांदा गेला होता, कारखान्याच्या जुन्या पट्ट्याचं जाड रबर मिळतं म्हणे कोणाकडे. जाताना नीट जेवलाही नाही. बापानं त्याच्या गाडीला वाकडं म्हटलं ते त्याला फार लागलं होतं.

आणि सगळ्यांत कहर शोभाताईंचा. कधी गाडीजवळ न फिरकणारी बाई, पण रोज काही ना काही शोधून आणत होती. माळ्यावरच्या फळ्या आणल्या. जेवायला बसायचा पाट आणला. आज तर नाकाडोंगरीच्या आपल्या चुलतभावाला, केवळरामला, फोन करून पाडलेल्या गोठ्याच्या खांबाचे तुकडे मागवले होते. तो बिचारा मोटारसायकलला दोरानं बांधून घेऊन आला आणि चहा पिऊन परत गेला.

"हे घाल व स्वाती," शोभाताई ठोकळा ओढत आणत म्हणाल्या. "येनाचं लाकूड आहे. यानं होईनच."

"होईन आई. तुमी नका उचलू, कंबर धरन."

"माझ्या कंबरेचं सोड. हे आधी घाल."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की स्वातीनं एकदा वर पाहिलं. पण शोभाताई दुसरा ठोकळा आणायला वळल्या होत्या.

ऐनाचं ते लाकूड खरंच झकास होतं. काळपट, जड, वर्षानुवर्षं छपराचा भार झेलून बसलेलं. स्वातीनं दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले, वर दोन आडवे टाकले आणि त्यावर जॅक उतरवला. लाकूड हललं नाही. तिनं मुद्दाम ट्रेलरला खांदा लावून धक्का दिला. काही नाही. तिला इतका आनंद झाला की उगाच हसू आलं. पट्टी घेऊन ती वर चढली. पट्टी ट्रेलरच्या तळावर ठेवली, उभी ठेवली, आडवी ठेवली, मग मागाच्या पुढच्या दांड्यावर ठेवली. पट्टीतला बुडबुडा मधल्या दोन रेघांत येऊन ठाम बसला.

"जमलं मामाजी! आता चालवा!"

मधुकररावांनी धोटा उचलला. स्वाती खाली उतरलीच नाही. पाय इतके दुखत होते की ती तिथंच, मागाच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामाजींना विणताना इतक्या जवळून तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मागाजवळ बसायची कोणाची टाप होती?

उजव्या हातानं धोटा सोडला. तो ताण्यातून सळसळत आला. डाव्या हाताची बोटं पुढं झाली, पण धोट्याच्या जरा अलीकडेच मिटली. मधुकररावांनी ती पुन्हा उघडली, धोटा चाचपून धरला. मग फणी ओढायची. उजवा हात ओढत होता. डावा नुसता तिच्यावर ठेवला होता.

खट. खट. आणि एक मोकळा, फुसका आवाज.

स्वाती काठाकडे पाहत राहिली. उजवीकडे दात बारीक उठले. डावीकडे फाकले. दांड्यावरच्या पट्टीत बुडबुडा होता तिथंच होता.

तिला एकदम आठवलं. दिवाळीनंतर मामाजी घरातल्या खड्ड्याच्या मागावर बसलेच नव्हते. आता गाडीतच विणीन, ते म्हणत होते, आणि सगळ्यांना त्यांचा तो उत्साह वाटला होता. जमिनीत पक्क्या रोवलेल्या त्या मागाला वाकडं म्हणता आलं नसतं.

"काहून थांबली?" मधुकररावांनी तिच्याकडे न बघताच विचारलं. "डावं अजून खाली असन. जा, पाहून ये."

स्वाती उठली नाही.

"मामाजी," ती म्हणाली, "लाकूड पक्कं बसलं आहे."

"पाय रुतला असन मंग."

"नाई रुतला जी."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. दोघांनीही पाहिलं. बाहेर कोंबड्या पुन्हा कुंपणाशी जमून उकरायला लागल्या होत्या. मधुकररावांनी डावा हात हळूच धोतराच्या सोग्याखाली ओढला. तेवढं पाहून स्वातीला रडूच आलं. इतका मोठा कारागीर, आणि चोरीचा माल लपवावा तसा स्वतःचाच हात लपवत होता.

"केव्हापासून आहे गाडी सरळ?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. आताच झाली म्हणावं, हे लाकूड घातल्यावर. उद्याचं उद्या पाहता आलं असतं.

"पहिल्या दिवसापासून असन," ती म्हणाली.

मधुकररावांनी धोटा खाली ठेवला. मग उजव्या हातानं त्यांनी डावा मनगटाशी धरला, सोग्याखालून बाहेर काढला आणि तिच्या पुढ्यात केला. एखादी वस्तू दुरुस्तीला द्यावी तसा. स्वातीनं तो दोन्ही हातांत घेतला. बोटं गार होती. तिनं दाबलं तर त्यांनीही उलट दाबायचा प्रयत्न केला, पण ते दाबणं तिच्यापर्यंत नीट पोचलं नाही.

"दुखते का?"

"दुखत असतं तर सांगितलं नसतं का?" ते चिडून म्हणाले. मग आवाज खाली आला. "दुखत नाई. फक्त आयकत नाई माझं."

दाराशी सावली पडली. शोभाताई आणखी एक ठोकळा पोटाशी धरून उभ्या होत्या. सुनेच्या हातात नवऱ्याचा हात पाहून त्यांनी ठोकळा हळूच पायरीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

"आई, तुमाले माहीत होतं?"

"त्यायच्या सदऱ्याच्या गुंड्या मीच तर लावून राहिली," शोभाताई म्हणाल्या. "थे म्हणाले, गाडी वाकडी आहे. मीनं म्हटलं, देवा, गाडीच वाकडी निघू दे. म्हणून मीही पोरी, रोज लाकडं धुंडून राहिली."

स्वातीला वाटलं, सासूला रागवावं. इतके दिवस! दवाखाना का नाही, निदान मला का नाही सांगितलं! पण त्या म्हाताऱ्या बाईनं एकटीनं त्या जड लाकडाकडे काय मागणं मागितलं असेल ते तिला कळलं.

गल्लीतून पिकअपचा हॉर्न वाजला. अंकुर उडी मारूनच उतरला. खांद्यावर काळ्या रबराचे चार जाड तुकडे, कपाळावर घाम, आणि कुंपणापासूनच आरडाओरडा.

"बाबा, हे पाहा! असे मिळाले, असे मिळाले की विचारू नका. आता माग तसूभर हलला तर गाडी भंगारात टाकून देतो! स्वाती, जॅक वर घे. काहून बसली तू?"

शोभाताई ट्रेलरच्या दारातून बाजूला झाल्या. तो रबर घेऊन तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला. अजूनही डावंच खाली आहे म्हणतील, पुन्हा वाकडी म्हणतील, एवढंच त्याच्या मनात होतं, ते स्वातीला दिसत होतं.

मधुकरराव उठले. स्वातीचा खांदा धरून दारापर्यंत आले आणि पायरीवर उभे राहून त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं.

"तुझी गाडी सरळ आहे बापा," ते म्हणाले. "काही दोष नाई तिच्यात."

अंकुर आधी बघतच राहिला. मग त्याचं तोंड फुललं. रबराचे तुकडे त्यानं धाडकन खाली टाकले.

"मी म्हणत नव्हतो का! आई, आयकलं? सांगत नव्हतो मी, वेल्डर पक्का आहे म्हणून! आता उद्या नागपुरात पाहा कशी गर्दी होते ते..."

तो बोलत होता, हसत होता. स्वाती त्याच्याकडे पाहू शकली नाही. मधुकररावांनी मात्र त्याला मनसोक्त बोलू दिलं, मधे एकदाही तोडलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर उजव्या हातानं पायरीची कड धरत ते खाली उतरले.

"चाल, पिकअप फिरव," ते म्हणाले. "आधी मले भंडाऱ्याले डॉक्टरकडे ने."