आवतण

जयानं गोणीचं तोंड उघडून धरलं आणि पहिला पसाभर तांदूळ तिच्या बापानंच ओतला.

"लेकीचं कॉलेज दारात आलंय, नाय कसं म्हणायचं?" कुशाबा मिशीत हसले.

ओतूरच्या कॉलेजातली सहा पोरं-पोरी सकाळच्या एसटीनं घाटघरच्या वाटेवरच्या या वाडीत उतरली होती. सामाजिक बहिष्काराविरुद्ध त्यांची मोहीम चालू होती. घरटी पसाभर तांदूळ मागायचा, थोडा शिजवून गावानं एका पंगतीत जेवायचं, उरलेला बाजारात विकून बहिष्कृत कुटुंबांच्या वकिलाचा खर्च भागवायचा. बेत जयाचा. आठ गावं पार पडली होती, नववं तिचं स्वतःचं, त्यामुळे आज तोरा जरा जास्तच होता.

तिची मैत्रीण रत्ना हिनं फलक उभा केला : बहिष्कार हा गुन्हा आहे. कुशाबांनी तो अक्षर लावून वाचला.

"गुन्हा कसा? आमी मतदानावर बहिष्कार टाकला, तवाच तर डांबरी रस्ता झाला."

"तो नव्हं काका," रत्ना म्हणाली. "हा माणसावरचा."

"माणसावर? असलं आमच्यात नाय बा," म्हणत शेजारच्या दादाभाऊंनी दोन पसे ओतले.

जयानं तिथंच बोलायला हवं होतं. पण आठ गावं गाजवलेली ती बापापुढं नुसतं गोणीचं तोंड आवळत राहिली. वाडीला तो शब्द कळत नव्हता, कारण वाडीचा शब्द वेगळा होता. तिनं गोणी खांद्यावर मारली आणि बाकीची घरं फिरून झाल्यावर ती खालच्या अंगाच्या शेवटच्या घराकडे निघाली.

तिथं सोनीबाई राहायची. जयाची आत्या, कुशाबांची सख्खी बहीण, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. तिच्या लेकीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून दोन वर्षांपूर्वी बैठक बसली. तेव्हापासून तिच्या दारी कुणी जात नव्हतं, तिच्या हातचं कुणी घेत नव्हतं. बैठकीचा निकाल कुशाबांनीच वाचून दाखवला होता.

सोनीबाई सूप घेऊन उंबऱ्यातच थबकली.

"माझा चालंल का गं? गोणी बाटवली म्हणतील."

"ओत, आत्या."

तांदूळ पडला. जयानं कोपरापर्यंत हात घालून गोणी खालवर केली.

दुपारी देवळापुढं दोन पातेली उतरली. भात वाढून झाला आणि जया पंगतीसमोर उभी राहिली.

"आपल्याकडं ह्याला बहिष्कार म्हणत न्हाईत, वाळीत टाकणं म्हणतात. आपण आत्याला वाळीत टाकलंय. ह्या भातात तिचाबी तांदूळ हाय. ज्याला उठायचंय त्यानं खुशाल उठावं."

आवाज कापला नाही, याचं तिला बरं वाटलं. दादाभाऊंनी घासाला नेलेला हात मागं घेतला. सगळे कुशाबांकडे बघू लागले.

कुशाबा उठले.

"सोनीचा तांदूळ घेतलास?"

"घेतला, आप्पा."

"आन् आवतण?"

जयानं खालच्या अंगाच्या घराकडे पाहिलं. सकाळपासून प्रत्येक दारात 'दुपारी जेवायला या' म्हणत फिरली होती ती. त्या एका दारातून मात्र तांदूळ तेवढा घेऊन परतली होती. मुद्दाम नव्हे. सुचलंच नव्हतं. दोन वर्षांत तिलाही सवय लागली होती, आणि ते आत्ता बापानं विचारल्यावर कळत होतं.

"धान्य घ्यायचं आन् आवतण द्यायचं नाय? ही कुठली रीत?"

कुशाबांनी टोपी नीट केली आणि स्वतःच खालच्या अंगाला चालू लागले. बहिणीच्या अंगणाबाहेर ते बराच वेळ नुसते उभे राहिलेले पंगतीला दिसत होते. मग दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

"सोने! जेवायला चल."

पंगत दाटीनं बसली होती. दादाभाऊ काहीतरी पुटपुटले आणि आपली पत्रावळ उचलून जरा सरकले.