पाचव्या मण्याचा बंध

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला जुना संगणक, तो मी. माझा पंखा घरघरतो, पडद्याची एक कड पिवळी पडली आहे. पण एके काळी या इमारतीत माझ्याइतका मोठा पडदा दुसरा नव्हता.

माझं काम प्रथिनं दाखवण्याचं. प्रथिन म्हणजे लांबलचक माळ. ती जागोजागी पीळ घेते, त्याला हेलिक्स म्हणतात. बहुतेक पिळांत प्रत्येक मणी पुढच्या चौथ्या मण्याशी बांधलेला असतो, तो अल्फा. तिसऱ्याशी बांधला तर पीळ बारीक आणि घट्ट होतो. पाचव्याशी बांधला तर रुंद. त्याचं नाव पाय, ग्रीक अक्षरावरून ठेवलेलं, आणि तो क्वचितच सापडतो.

माझ्यासमोर इथल्या संशोधक ताई बसायच्या. त्यांच्या धाकट्या भावाचे स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत चालले होते. ज्या प्रथिनाच्या बिघाडाने हे होत होतं, तेच माझ्या पडद्यावर असे. त्याच्या खोबणीत, कुलपात किल्ली बसावी तसं, बसेल असं औषध ताई शोधत होत्या. एकही रेणू नीट बसेना.

भाऊ आधी काठी टेकत भेटायला येई, मग चाकांच्या खुर्चीतून.

"काय गं, सापडली का किल्ली?"

"घडवतेय रे," ताई म्हणत, आणि मान वळवत.

एकदा त्यांचे एक सहकारी वैतागले. "अहो ताई, सगळे पीळ अल्फा आहेत. प्रोग्रामनेच लाल रंगवलेत. आता आणखी काय बघायचं?"

"ती काही काळ्या दगडावरची रेघ नाही."

ताईंनी तो गुळगुळीत लाल पट्टा काढून टाकला. अणू आणि त्यांच्यामधले तुटक रेषांचे बंध उघडे पडले. ताई पडद्यावर बोट ठेवून मोजू लागल्या. चार. चार. चार. बोट थांबलं. पाच! पुढचाही पाच. नेमका खोबणीपाशीच पीळ रुंदावला होता.

"हा पाय आहे हो! आणि आपण अल्फाच्या मापाची किल्ली घडवत बसलो."

सहकाऱ्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतः मोजलं.

भावाला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हणजे इथेही पायानेच दगा दिला म्हणायचा!" ताईही हसल्या, मग डोळे पुसू लागल्या.

नव्या मापाचा रेणू बसला. पण चित्रातलं औषध हातात यायला वर्षं लागतात. तोवर भाऊ राहिला नाही. त्या आठवड्यात ताई माझ्यासमोर नुसत्याच बसून असत.

औषध पुढे इतरांना मिळू लागलं, तेव्हा भावाची बायको आली. "वन्सं, ती जागा मला दाखवा." ताईंनी दाखवली. तिने आपल्या बोटाने बंध मोजले आणि तळहात पडद्यावर तसाच ठेवला.

मित्रांनो, माझ्या पडद्यावरचे रंग देखणे असतात, पण ते कुणीतरी ठरवून दिलेले असतात. चित्र सुबक दिसलं म्हणून मोजायचा कंटाळा करू नका. तुम्ही मोजता आहात, या एवढ्याच आशेवर कुणीतरी घरी बसलेलं असतं.